एकदाच सांगायचं

मला पाहून हसू आलं, मित्रांनो, तर खुशाल हसा. मी एक टेपरेकॉर्डर आहे, तोही जुना, कॅसेटवाला. अंगाने विटेएवढा, रंगाने काळा, आणि एकदा जिन्यावरून गडगडत गेल्यामुळे एका कोपऱ्याचा टवका उडालेला. तांबडं बटण आणि त्याच्या शेजारचं बटण एकदम दाबलं की मी ऐकलेलं टेपवर टिपायला लागतो. एवढंच मला येतं, पण ते मी मन लावून करतो. माझं आयुष्य एकंदरीत मजेत गेलं हेही आधीच सांगून टाकतो, म्हणजे तुम्ही उगाच रुमाल काढून बसणार नाही.

माझा जन्म एका कारखान्यात झाला. लांबलचक टेबलांपाशी बसून बायका आम्हाला घडवत. एकीने माझ्यात मोटर बसवली, दुसरीने रबराचा पट्टा चढवला, तिसरीने ध्वनी टिपणारं इवलंसं डोकं लावलं. शेवटची बाई तपासनीस होती. ती माझ्यात दोन वाक्यं बोलली, मी ती तिला परत ऐकवली, आणि ती नाक मुरडून म्हणाली, "शी! माझा आवाज असा आहे?" पुढे जन्मभर जो भेटला त्याने हेच विचारलं. मोठमोठे खेळाडूही याला अपवाद नव्हते.

दुकानाच्या काचेमागून मला एका तरुणाने उचललं. तो गावातल्या दैनिकात खेळाचं पान सांभाळायला नुकताच लागला होता. आवाज असा दणदणीत, की मैदानावर सगळे त्याला 'भोंगा' म्हणत. तो प्रेक्षकांत बसून ओरडला तर पंचांना स्वतःची शिट्टी ऐकू येत नसे. मनाने मात्र लोण्यासारखा मऊ होता. विद्यापीठाचा फुटबॉल संघ हा त्याचा जीव की प्राण. संघ जिंकला की हा घरी नाचत यायचा, हरला की जेवताना मीठ मागायचंही विसरायचा.

त्याच्याबरोबर मी खूप हिंडलो. चिखलाने भरलेली मैदानं पाहिली, घामट कपडे टांगलेल्या खोल्या पाहिल्या, बसच्या मागच्या सीटवर हेलकावे खाल्ले. कर्णधार बदलत, प्रशिक्षक बदलत, पण मुलाखती काही बदलत नसत. जिंकलेला म्हणे, "सगळ्यांनी जीव तोडून खेळ केला," आणि हरलेलाही तेच म्हणे. तरीही मी प्रत्येकाचं पहिल्यांदा ऐकत असल्यासारखं ऐकलं. भोंगा मला खिशातल्या रुमालाने पुसायचा आणि मित्रांना अभिमानाने सांगायचा, "हा माझा तिसरा कान."

पण त्या जगात एक रीत होती, आणि ती मला फार खटकायची. मुलाखत झाली, चहा आला, की समोरचा माणूस खुर्ची पुढे ओढून म्हणायचा, "आता ते बंद कर." भोंगा मला बंद करायचा. मग खरं काय ते बोललं जायचं. कोण कोणाच्या वशिल्याने संघात आला, कोणाचं कोणाशी बिनसलं, कोणत्या भानगडीवर पांघरूण घातलं. भोंगा सगळं ऐकून घ्यायचा आणि पोटात ठेवायचा, कारण ते छापलं तर उद्या चहाला कोण बोलावणार? पुन्हा बटण दाबलं जाई तेव्हा सगळे हसत असत, आणि मध्ये जे ऐकलं त्यातलं अक्षरही माझ्या टेपवर नसे.

मग मोबाइल आले. ते बोलणं टिपत, फोटो काढत आणि वर गाणीही म्हणत. माझी रवानगी घरातल्या जेवणाच्या खोलीत, कपाटाच्या डोक्यावर झाली. तिथे हवा गेलेला एक फुटबॉल होता आणि कुणाचा तरी एकटा बूट. धूळ साठली, पट्टा ढिला पडला, बॅटऱ्या तर केव्हाच काढून भिंतीवरच्या घड्याळात घातल्या होत्या. वाईट वाटलं, नाही कशाला म्हणू? पण खोली जेवणाची होती, आणि जेवताना भोंगा आणि त्याची मोठी बहीण इतकं बोलत, की माझी करमणूक कधी थांबली नाही.

त्याची बहीण, म्हणजे आमची ताई, विद्यापीठात भूगर्भशास्त्र शिकवते. आयुष्य दगडांच्या संगतीत गेल्यामुळे समोरचा गप्प बसला तर ती मुळीच अस्वस्थ होत नाही. म्हणूनच की काय, विद्यापीठाने तिला चौकशी समितीची प्रमुख केलं होतं. एखाद्या विद्यार्थिनीवर लैंगिक अत्याचार झाला, कुणी तिच्या मनाविरुद्ध तिच्या अंगाला हात लावला, तर तिने या समितीकडे यायचं. कागदावर सोय चोख होती. समितीच्या खोलीला पाटीही होती. फक्त खेळाडूंच्या विरुद्ध काही असलं की ते आधी क्रीडा विभागात जायचं, अशी तिथे फार वर्षांची वहिवाट होती. फुटलेली काच, झालेली मारामारी, चुकवलेली परीक्षा, सगळं तिथे चहावर मिटायचं.

एके दिवशी सकाळी ताई वर्तमानपत्र हातात घेऊन जेवणाच्या खोलीत आली. भोंगा दात घासत होता.

"हे तू लिहिलंस?"

खेळाच्या पानावर ठळक मथळा होता: अंतिम सामन्याआधी कर्णधार अडचणीत. खाली बातमी होती. एका विद्यार्थिनीने कर्णधारावर अत्याचाराचा आरोप केला आहे, संघाचं मनोधैर्य खचलं आहे, चाहते चिंतेत आहेत. या दैनिकातही एक वहिवाट होती. खेळाडूबद्दल काहीही असो, लग्न असो की अपघात, ते खेळाच्या पानावर जायचं आणि भोंग्यानेच लिहायचं.

"मुलीचं नाव कुठे छापलंय?" भोंगा तोंडातला फेस सावरत म्हणाला. "नियम मलाही कळतात, ताई."

"दुसऱ्या वर्षाची विद्यार्थिनी, अडथळ्यांच्या शर्यतीत धावणारी. अशा किती मुली आहेत आपल्याकडे?"

सगळ्या खेळांची खडान्‌खडा माहिती भोंग्याइतकी कोणाला होती? विद्यापीठात अशी एकच मुलगी होती.

"नाव छापलं नाहीस, पत्ता छापलास," ताई म्हणाली. "आज ती खानावळीत गेली तर किती माना वळतील, सांग बरं." एरवी ती भावाशी इतकं तोडून बोलत नसे. तो चूळ भरून खाली बसला, आणि त्या सकाळी त्याचा आवाज शेजारच्या घरात गेला नाही.

जाता जाता ताईची नजर कपाटावर गेली. तिने स्टूल ओढलं आणि मला खाली काढलं.

"हा चालतो का रे?"

"पट्टा गेलाय त्याचा. पण मोबाइल असताना याला घेऊन काय करणार?"

"मोबाइलवरची गोष्ट शिंक यायच्या आत गावभर होते. याची कॅसेट एकच असते, आणि ती कुलपात राहते."

असा, मित्रांनो, मी पुन्हा कामावर रुजू झालो. दुरुस्तीवाल्याने नवा पट्टा चढवला, डोकं स्पिरिटने पुसलं, आणि मला पुन्हा तरतरी आली.

समितीच्या खोलीत एक गोल टेबल होतं, पाण्याचा जग होता आणि खिडकीतून विद्यापीठाचं मैदान दिसत होतं. ताईबरोबर आणखी दोघं जण होते. ती मुलगी आली आणि खुर्चीच्या अगदी कडेवर बसली. पाय लांब, हात काटक, डोळ्यांखाली काळं. तिची मैत्रीण बरोबर आली होती, तिनेच धीर देऊन तक्रार समितीकडे लिहून द्यायला लावली होती. ती शेजारी बसली.

"आधी दोन गोष्टी," ताई म्हणाली. "ज्याने ती बातमी लिहिली तो माझा धाकटा भाऊ. समितीला मी हे सांगितलं आहे, तुलाही सांगते. तुला मी नको असेन तर मी उठते, दुसऱ्या मॅडम येतील. आणि तुला पोलिसांकडे जायचं असेल तर तीही वाट मोकळी आहे. मी स्वतः बरोबर येईन."

मुलीने मैत्रिणीकडे पाहिलं. "तुम्हीच असा," ती म्हणाली. "पण मॅडम, परत सांगायचं? वसतिगृहाच्या रेक्टरबाईंना सांगितलं, त्या म्हणाल्या, प्रशिक्षकांना सांग. त्यांना सांगितलं, ते म्हणाले, क्रीडा संचालकांच्या कानावर घाल. संचालकांनी दोनदा सांगायला लावलं, आणि मग म्हणाले, आधी खिडकी बंद होती म्हणालीस, आता पडदा ओढलेला म्हणतेस, तुझ्या बोलण्यात मेळ नाही. मला आता कोणी परत विचारलं ना, तर मी सामान बांधून घरी जाणार. कॉलेज बस, धावणंही बस."

ताईने मला टेबलाच्या मध्यावर सरकवलं. "एकदाच सांगायचं. ज्याला ऐकायचंय तो हे ऐकेल. तुला परत कोणी विचारणार नाही, हे माझ्याकडे लागलं."

एवढा मोठा शब्द ताईने दिला आणि तो ठेवला माझ्या भरवशावर! टेप गुंतली तर? पट्टा निसटला तर? तांबडं बटण खाली गेलं आणि मी सगळा जीव कानात आणला.

तिने काय सांगितलं ते मी तुम्हाला सांगणार नाही. ते तिचं आहे. एवढंच सांगतो, की मध्ये ती बराच वेळ थांबली. भोंगा असता तर टेप वाया जाते म्हणून त्याने मला थांबवलं असतं. ताईने बोटसुद्धा हलवलं नाही. ती थांबणंही मी टिपलं, जगमधून ग्लासात ओतलेल्या पाण्याचा आवाज टिपला, आणि मग ती पुन्हा बोलू लागली. शेवटी बटण वर आलं तेव्हा तिने ग्लासभर पाणी एका दमात पिऊन टाकलं. कॅसेट लाखेने बंद करून कुलपात गेली. नंतर कर्णधारालाही बोलावलं. त्याच्यासाठी वेगळी कॅसेट होती, आणि त्याचंही मी तितक्याच इमानाने ऐकलं. पुढे साक्षीदार आले. ऐकताना मी कोणाची बाजू घेत नाही, आमच्या जातीला ते जमतच नाही.

रविवारी ताईने मला साफसूफ करायला घरी आणलं आणि जेवणाच्या टेबलावर ठेवलं. दुपारी ती बाजारात गेली. भोंगा एकटाच होता. त्याचा मोबाइल सारखा वाजत होता. "हो साहेब," तो म्हणत होता, "नाही साहेब, बहीण घरी काही बोलत नाही." साहेब म्हणजे त्याचे संपादक. त्यांना आतली बातमी हवी होती. फोन ठेवून भोंग्याने माझ्याकडे पाहिलं. मग दाराकडे पाहिलं. मग पुन्हा माझ्याकडे.

आम्हा टेपरेकॉर्डरांना पळून जाता येत नाही, नाहीतर मी तेव्हा पळालो असतो. त्याने मला उचललं, झाकणावर अंगठा ठेवला, दोनदा काढला, तिसऱ्यांदा दाबला. झाकण उघडलं. आत कॅसेट नव्हती.

"कुलपात आहे," दारातून आवाज आला. ताई पिशवी घेऊन उभी होती. "आणि किल्ली माझ्याकडे नाही, तेव्हा माझी पर्स बघू नकोस."

भोंग्याच्या हातून मी पडता पडता वाचलो. त्याचा चेहरा असा झाला, की ताईला रागवायचं होतं तरी हसू आलं. मग तोही ओशाळून हसला, आणि हसता हसता मला टेबलावर ठेवून खुर्चीत बसला.

"मी इतका खाली घसरलोय का गं?"

"घसरला नाहीस, घसरत होतास. झाकण उघडलंस, त्याच्या आधी थांबायला हवं होतं." तिने पिशवीतली भाजी टेबलावर ओतली आणि त्याच्यासमोर सुरी ठेवली. "चिर. आणि मला सांग, तुला बातमीच हवी आहे ना? मग तिच्या मागे कशाला लागतोस? तिला काय झालं हे समिती बघेल. तक्रार पहिल्यांदा कुठे आली, किती दिवस तिथे पडून राहिली, कोणी कोणाकडे टोलवली, हे गावात कोणी विचारलंय? हे विचारायला मुलगी लागत नाही. तोंड लागतं, आणि ते तुला देवाने भरपूर दिलंय."

भोंगा भाजी चिरत राहिला. सगळी भाजी भलतीच बारीक चिरली गेली.

दुसऱ्या दिवशी त्याने मला काखोटीला मारलं. संपादकांचे फोन नकोत म्हणून मोबाइल बंद करून ठेवला आणि तो थेट क्रीडा संचालकांच्या खोलीत गेला. भिंतीभर करंडक, टेबलावर चहा.

"अरे भोंग्या, हा अजून जिवंत आहे?" संचालक मला थोपटत म्हणाले. माणूस वाईट नव्हता. खेळाडूंच्या दुखऱ्या पायांना रात्ररात्र शेक देताना मी त्यांना पाहिलं होतं. त्यांनी सरावाबद्दल सांगितलं, हवामानाबद्दल सांगितलं, आणि मग सवयीने खुर्ची पुढे ओढली. "आता ते बंद कर, म्हणजे मोकळं बोलता येईल."

भोंग्याचा हात सवयीने पुढे आला. माझ्यापाशी थबकला. आणि मागे गेला.

"आज बंद नाही करणार, सर. चालू आहे हे तुम्हाला दिसतंय. बोलायचं तर असंच बोला."

"मग मला काहीच बोलायचं नाही."

"चालेल. तेही यात आलं."

गावातला सर्वांत मोठा आवाज त्या दिवशी हाताची घडी घालून गप्प बसला होता, आणि मला त्याचा असा अभिमान वाटला म्हणून सांगू! शेवटी त्याने हळूच विचारलं, "सर, तक्रार तुमच्याकडे आली होती. समितीकडे का गेली नाही?"

संचालकांनी कप उचलला, खाली ठेवला. "पोरांनी वर्षभर घाम गाळलाय रे. म्हटलं, सामना होऊन जाऊ दे, मग बघू. आपल्याकडे आधी इथेच बोलायची पद्धत आहे ना. मी काही वेगळं केलं नाही."

"पद्धत कोणी पाडली?"

"कुणास ठाऊक. मी आलो तेव्हापासून आहे."

ते माझ्याकडे पाहत राहिले. मला वाटलं, आता ते रागावतील. पण ते थकल्यासारखे म्हणाले, "छाप. जे म्हणालो तेच छाप, वाढवू नकोस." भोंग्याने वाढवलं नाही. बातमी पहिल्या पानावर आली. ती खेळाच्या पानावर का नको यावरून संपादकांशी त्याची चांगलीच जुंपली, आणि एकदा भोंगा आवाज चढवून बोलला की संपादकांचं काही चालत नाही. त्या बातमीत मुलीबद्दल अवाक्षर नव्हतं. तक्रार क्रीडा विभागात अडकून पडली होती, एवढंच होतं, संचालकांच्याच शब्दांत. खाली एक चौकटही होती. आधीच्या बातमीत नको तो तपशील छापला गेला, त्याबद्दल दैनिकाने माफी मागितली होती.

मग चक्रं फिरली. विद्यापीठाने ती वहिवाट बंद केली. तक्रार कोणाविरुद्ध का असेना, ती सरळ समितीकडे जाईल असं ठरलं. चौकशी होईपर्यंत कर्णधाराला संघाबाहेर ठेवलं. संघ अंतिम सामना हरला, आभाळ काही कोसळलं नाही. चार दिवस गावाने भोंग्याला टोमणे मारले, चहाची आमंत्रणं कमी झाली. त्याला ते लागलं, पण तो नीट जेवत होता, आणि मीठ लागलं तर मागत होता.

समितीने सगळ्यांचं ऐकून निकाल दिला. तक्रार खरी ठरली, कर्णधाराला विद्यापीठातून काढलं. ताईने भावाकडे मला कायमचं मागितलं. "ने," तो म्हणाला, "पण हिवाळ्यात याचा पट्टा आखडतो, आधी थोडा फिरवून घे." तेव्हापासून मी समितीच्या कपाटात राहतो. कोरड्या कपड्यात गुंडाळलेला असतो, दर महिन्याला कोणीतरी पुसतं. माझ्यासारख्या म्हाताऱ्याला याहून काय हवं?

म्हणून एक मागणं मागतो, मित्रांनो. घरात माझा एखादा भाऊबंद पडला असेल तर त्याच्या बॅटऱ्या काढून ठेवा, त्या गळतात. अधूनमधून त्याला चालवा. आणि कधी कोणी तुमच्यापाशी येऊन अवघड काही सांगू लागलं, तर हातातलं काम बाजूला ठेवा. ते थांबले तर तुम्हीही थांबा. नंतर ते दुसऱ्या कोणाला सांगायचं की नाही, हे त्यांना विचारा. आता मात्र त्या शब्दाचं काय झालं ते सांगायला हवं, ताईने दिलेल्या.

कर्णधाराने निकालाविरुद्ध दाद मागितली. तो त्याचा हक्कच होता. वरच्या समितीची बैठक बसली. उंच छताची खोली, चकचकीत लांब टेबल, एका बाजूला पाच जण. समोर एकच रिकामी खुर्ची मांडली होती. ताई मला घेऊन आत गेली आणि तिने त्या खुर्चीवर न बसता मला टेबलावर ठेवलं.

अध्यक्ष वयस्क होते, नाकावर चष्मा. "मुलगी कुठे आहे? तिला बोलवा. आमच्यासमोर एकदा सांगू दे."

"तिने सांगितलंय, सर," ताई म्हणाली. "ऐकायचं तुमचं राहिलंय."

अध्यक्षांच्या कपाळाला आठ्या पडल्या. पण लाख फोडली गेली, कॅसेट माझ्या पोटात आली. थंडीचे दिवस होते. ताईने आधी पट्टा फिरवून घेतला होता, तरी पहिल्या क्षणी मी अडखळलो, आवाज जाडसर निघाला. ताईच्या चेहऱ्यावरचा रंग उडाला. मी दात-ओठ खाऊन, म्हणजे असते तर खाऊन, जोर लावला. आवाज सरळ झाला. मग मी शेवटपर्यंत कुठेही थांबलो नाही. ती बोलली तिथे बोललो, ती थांबली तिथे थांबण्याचा आवाज ऐकवला. त्या थांबण्यात कोणी खोकलं नाही, कोणी कागद चाळला नाही. एका सदस्याने चष्मा काढून हातात धरला.

कॅसेट संपली आणि बटण टक्‌कन वर आलं.

"आम्हाला काही विचारायचं असेल तर?" अध्यक्षांनी विचारलं. त्यांचा आवाज आता बराच उतरला होता.

"लिहून द्या. ती लिहून उत्तर देईल. कर्णधाराच्या बाजूने आलेल्या प्रश्नांची उत्तरं तिने अशीच लिहून दिली आहेत, ती तुमच्यासमोर आहेत."

त्यांनी ती उत्तरं वाचली. दुसरी कॅसेटही ऐकली, कर्णधाराची. मग डावीकडे पाहिलं, उजवीकडे पाहिलं. कोणीच काही विचारलं नाही. निकाल कायम, असं त्यांनी लिहिलं आणि लेखणी खाली ठेवली.

"ती आत्ता कुठे आहे?"

"मैदानावर. सराव चाललाय तिचा. बोलावू?"

अध्यक्ष उठून टेबलाच्या या बाजूला आले आणि त्यांनी ती रिकामी खुर्ची हाताने टेबलाखाली सरकवली.

"नको," ते म्हणाले. "धावू दे तिला."